ती ओळ माझी होती

कुंदाताई,

मी दमलोय. तू गेल्याला आज पंधरा दिवस झाले आणि हे पंधरा दिवस मी कॉम्प्युटरवर तुझ्या स्क्रिप्टची फाईल वाचतोय. वाचतोय म्हणजे काय, वरून खाली जातो, खालून वर येतो आणि पुन्हा सुरुवातीला येऊन थांबतो, जिथे तू सगळे ग्लोबल, म्हणजे अख्ख्या स्क्रिप्टला सामाईक असलेली नावं, ओळीनं मांडून ठेवलेत. जागा, रांग, उंची, पाळी, मशीन. रोमन अक्षरांत मराठी नावं. आठ वर्षांपूर्वी मी उरणच्या या कंटेनर यार्डात रुजू झालो त्या दिवशी ती यादी बघून मला हसू आलं होतं. तू म्हणालीस, "हास बाबा. पन वाचता आला ना तुला?" आलं होतं. तुझ्या आधीच्या शिकलेल्या इंजिनीयरांनी लिहून ठेवलेलं कुणाच्या बापाला वाचता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

पुढच्या महिन्यात हे सगळं बंद होणार आहे. नवीन सिस्टीम येतेय. तुझ्या स्क्रिप्टमधलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ती यादी मी करायची आहे. गेटमधून आत आलेला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या उंचीवर ठेवायचा हे बारा वर्षं तुझी स्क्रिप्ट सांगत आली. गेटवर स्लिप निघायची आणि कंटेनर उचलणारं ते अवाढव्य मशीन, ज्याला आपण सगळे नुसतं स्टॅकर म्हणतो, ते चालवणारा स्लिप बघून डबा त्या जागी नेऊन ठेवायचा. स्लिपवर कुणी शंका घ्यायचं नाही. मीठ पिकवणाऱ्याची पोरगी, गेटवर नोंदी करायला लागलेली, जेवणाच्या सुट्टीत एक-एक पान वाचून प्रोग्रामिंग शिकलेली, आणि अख्खं यार्ड तिच्या शब्दावर चालायचं.

चौथ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुझी शोकसभा झाली. साहेब बोलले. तुझ्या हजेरीबद्दल बोलले, तुझ्या आवाजाबद्दल बोलले, लोक थोडे हसलेसुद्धा. मग म्हणाले, "ती एक चूक सोडली, तर बाईंच्या कामाला तोड नव्हती." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत होतो. माझीही मान हलली.

ताई, ती चूक तुझी नव्हती. माझी होती. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तू गेल्यावर ते मला एकट्यालाच माहीत उरलं, आणि एकट्यानं वागवायला ते फार जड होतं.

आपलं भांडण कशावरून सुरू झालं ते आठवतं का? मी नवा, कॉलेजातून डोक्यात हवा भरून आलेला. तुझी प्रत्येक प्रोसिजर, स्क्रिप्टमधला एकेका कामाचा तुकडा, ग्लोबलनं सुरू व्हायची. स्क्रिप्टच्या त्या जुन्या भाषेचा नियमच तसा आहे. प्रोसिजरच्या आत बाहेरचं काही दिसत नाही. बाहेरचं नाव आत वापरायचं असेल तर आधी सांगायचं, की हे ग्लोबल आहे, हे बाहेरचं आहे. मी म्हणायचो, बाहेरचं आत आणायचंच कशाला? ज्या प्रोसिजरला जेवढं लागतं तेवढंच तिच्या हातात द्या, तिनं काम करून उत्तर परत द्यावं. सगळ्यांनी सगळ्यांच्या वस्तूंना हात लावला तर बिघडलं कुणामुळे हे कळणार कसं?

तू जेवणाचा डबा उघडत म्हणायचीस, "तुमचे दिवेआगरला परत्येक वाडीला आपली आपली विहीर. म्हनून तुला तसा वाटतो. आमचे मिठागरान पानी एकच. भरतीला एका उघाडीतून आत येते नि सगल्यांचे खाचरान जाते. आता त्याला विहीर कशी करशील?"

"मग एकानं नको तेव्हा उघाडी उघडली तर सगळ्यांचं मीठ पाण्यात," मी म्हणायचो.

"जाते ना. म्हनून तर चिंधी बांधायची."

ही चिंधी मला तुझ्याकडूनच कळली. तुमच्या मिठागरात ज्यानं पाणी आत घेण्याची उघाडी उघडली, त्यानं तिथल्या खांबाला आपल्या घरची चिंधी बांधायची. बंद केल्यावर सोडायची. लांबून येणाऱ्याला कळावं की पाणी सुरू आहे आणि कुणी सुरू केलंय. तुझ्या घरची लाल होती म्हणालीस. ऑफिसात तू त्याचाच फळा केला होतास. शाळेतून टाकून दिलेला काळा फळा, त्यावर डावीकडे सगळ्या ग्लोबलची नावं. स्क्रिप्टमध्ये ज्यानं ज्या नावाला हात लावला, त्यानं त्यापुढे खडूनं तारीख आणि आपलं अक्षर टाकायचं. तुझं 'कुं', माझं 'नि'. हात लावायला माणसं दोनच, तू आणि मी, तरी फळा. मला ते हास्यास्पद वाटायचं. बदलांची नोंद ठेवायला आता चांगली साधनं आहेत असं मी तुला दहा वेळा सांगितलं. तू म्हणालीस, "ती ठेव तू. मना भिंतीवर दिसला पायजे." मी खडूनं हात पांढरे करायचा कंटाळा करायचो आणि तू माझं 'नि' स्वतः टाकून ठेवायचीस.

खरं सांगू? त्या वादात मी बरोबर होतो असं मला अजूनही वाटतं. तू गेलीस म्हणून मत बदललं असं म्हटलं तर तूच मला हाणशील. तुझं यार्ड छोटं होतं तोवर तुझी पद्धत चालली. डबे वाढले, पाळ्या वाढल्या, तेव्हा ती तोकडी पडायला लागली होती. हे तुला पटवायचं राहून गेलं. तूही मला काहीतरी पटवत होतीस, ते अर्धं पटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, अपघाताच्या त्या दुपारी काय झालं ते तू असेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. आता सरळ सांगतो. जागा ठरवणारी तुझी प्रोसिजर फार लांबली होती. मी तिचे दोन तुकडे केले. एक रिकामी जागा शोधणारी, दुसरी ती जागा भरली अशी खूण करणारी. छान दिसत होतं. माझं मलाच कौतुक वाटलं. पण दुसऱ्या तुकड्यात मी 'ग्लोबल जागा' ही ओळ लिहायला विसरलो. एक ओळ, दोन शब्द. आपली भाषा अशा वेळी ओरडत नाही. ती त्याच नावाची नवी जागा आतल्या आत तयार करते, तिथे खूण करते, आणि काम संपलं की ते सगळं टाकून देते. बाहेरची खरी जागा रिकामीच राहते. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. लिहायला गेलो असतो तर 'जागा' या नावासमोर उभा राहिलो असतो, आणि ती ओळ राहिलीय हे कदाचित लक्षात आलं असतं. कदाचित नसतंही. पण मी उठलोच नाही.

सकाळी बदल चढवला. दुपारपर्यंत एक डबा एका रांगेत जमिनीवर ठेवला गेला आणि दहाच मिनिटांनी दुसऱ्या डब्याला तीच रांग, तीच जागा मिळाली. स्लिप बाळारामच्या हातात पडली. तुझ्या गावचा, तुझ्या शेजारच्या घरातला बाळाराम. यार्डातला सगळ्यात चांगला स्टॅकरवाला. समोर डबा धरलेला असला की पुढचं फार दिसत नाही. स्लिप रिकामी जागा म्हणत होती, आणि तुझी स्लिप आजवर खोटी बोलली नव्हती. तो वळला आणि आधीच्या डब्यावर आदळला. मशीनचं मागचं अंग उचललं गेलं, हातातला डबा सुटून उभ्या ट्रेलरच्या केबिनवर पडला. ट्रेलरवाला स्लिपवर शिक्का मारायला खाली उतरला होता म्हणून वाचला. बाळारामचा खांदा निखळला.

मी खिडकीतून बघितलं आणि मला त्याच क्षणी कळलं. चौकशी दुसऱ्या दिवशी होती. सकाळी फाईल उघडली तर माझ्या प्रोसिजरमध्ये, पहिल्या ओळीत, 'ग्लोबल जागा' लिहिलेलं. तू माझ्या आधी आली होतीस. फळ्यावर 'जागा' पुढे आदल्या दिवशीची तारीख आणि 'कुं'. माझ्या जागी तुझं अक्षर. मी मान वळवली. तू माझ्याकडेच बघत होतीस. "चाय घेतलीस?" एवढंच विचारलंस.

आत साहेबांसमोर तू म्हणालीस, "स्क्रिप्ट माझी. चूक माझी." साहेबांना माझी ग्लोबलविरुद्धची भाषणं पाठ होती. ते म्हणाले, "निखिल केव्हापासून सांगतोय, ग्लोबल वापरणं धोक्याचं आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो अपघात ग्लोबल वापरल्यामुळे झालाच नव्हता, ग्लोबल म्हणायला विसरल्यामुळे झाला होता, आणि विसरणारा मी होतो. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी मिठाची गुळणी धरून बसलो.

तू असं का केलंस ते मला कळत होतं. सहा वर्षं मी कॉन्ट्रॅक्टवर होतो आणि त्या महिन्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. आमच्या घरची अवस्था तू डोळ्यांनी बघितली होतीस. वादळात आमची दिवेआगरची वाडी आडवी झाली, पोफळी बघवत नव्हत्या, तेव्हा तू बोर्लीपर्यंत एसटीनं आणि पुढे रिक्षानं आलीस. येताना काय आणलंस, तर अर्धं पोतं जाडं मीठ. "जे माड उभे हायत त्यांना घाला, बाबा," असं माझ्या वडिलांना म्हणालीस. शिवाय आमच्या शाकाहारी घरात सुक्या बोंबलांची पिशवी! आईनं ती दोन बोटांत धरून पडवीत टांगली आणि झाडं तोडायला आलेल्या माणसांना दिली. त्या दोन दिवसांत वडील पहिल्यांदा हसले ते तुझ्या पिशवीमुळे. नव्या पोफळी धरायला किती वर्षं लागतात हे तू त्यांना विचारून घेतलंस. ते उत्तर तू लक्षात ठेवलं असणार.

मी कायम झालो. स्क्रिप्ट तुझ्याकडून काढून माझ्या ताब्यात दिली. तुला पुन्हा गेटवर नोंदींना बसवलं. बाळारामला मशीनवरून उतरवून गेटवर स्लिपा वाटायला उभं केलं. तुम्ही दोघं चार हातांवर उभे असायचात आणि तो तुझ्याशी बोलत नसे. गावातही नाही. त्याच्या घरचं लग्न झालं, तुला बोलावणं नव्हतं. तुझ्या आईलाही नव्हतं. मला हे सगळं दिसत होतं.

आणि मी काय केलं, तर तुझ्यावर चिडचिड केली. आठवून लाज वाटते. उपकार करणाऱ्या माणसाशी सरळ वागणं मला जमलं नाही. तू काही विचारायला आलीस की मी तुटक बोलायचो. ग्लोबलवरून आणखी जोरात भांडायचो, जसं काही तू हरलीस की माझी चूक पुसली जाणार होती. एकदा तू म्हणालीस, "निखिल, तू किती ओरडतंस रं. मी आयकतंय ना." त्या वेळी सांगायला हवं होतं. तू वाट बघत होतीस असं मला वाटतं. की नव्हतीस? तुला ते संपलेलंच वाटत होतं? हे विचारायचं राहिलं. शेवटच्या त्या सोमवारी छातीत दुखतंय म्हणून तू अर्ध्या दिवसाची रजा टाकलीस. मी मान वर न करता सही केली.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते संतापतील. ते नुसतं म्हणाले, "आता काय उपयोग, निखिल? फाईल बंद झाली. बाई गेल्या. सिस्टीमच बदलतोय आपण." मी म्हटलं, बाळारामचं काय? "बघतो," म्हणाले आणि फोन घेतला. दोन वर्षं ज्या वाक्याला मी घाबरत होतो ते कुणाला नकोच होतं. मी बाहेर आलो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं नाही, उलट आणखी थकलो.

पण गावात ती फाईल बंद झालेली नव्हती. तुझ्या अंत्ययात्रेला शेजारच्या घरातलं कुणी आलं नाही. दहाव्याला मी आलो होतो. बाळारामच्या घराचं दार आड केलेलं होतं, आणि तुझी आई पिंडाकडे न बघता त्या दाराकडे बघत होती. बायका आपसांत बोलत होत्या, "पोरीचे चुकीनं घर तुटला त्यांचा." तुझी आई ऐकत होती. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

काल रविवार होता. मी बाळारामकडे गेलो. तो अंगणात जाळं विणत बसला होता, डावा खांदा थोडा खाली धरून. बस म्हणाला. मी उभ्यानंच सांगितलं. दोन तुकडे, राहिलेली ओळ, फळ्यावरचं अक्षर. त्याला प्रोसिजरमधलं काही कळलं नसेल, पण शेवटचं कळलं. त्याचा हात थांबला.

"म्हंजे ती नव्हती?"

"नव्हती."

"नि तिला माहीत होता, तुझा हाय म्हनून?"

"हो."

मला वाटलं, आता तो उठेल आणि मारेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. मारलं असतं तर सोपं झालं असतं. तो जाळ्याकडे बघत म्हणाला, "रोज सकाली गेटवर मना बोलायची, बाळू, भाकरी खाल्ली? रोज. दोन वरसां. मी एकदा पन तोंड उघरला नाय." मग माझ्याकडे बघितलं. "त्या दोन वरसां मना आता कोन देल?"

ताई, मी तुझी नोकरी घेतली, तुझं नाव घेतलं, हे मला माहीत होतं. त्याच्याकडून मी तुला घेतलं, हे मला काल कळलं.

त्यानं शर्ट चढवला आणि म्हणाला, "चल." तुमच्या दोन घरांमध्ये वीस पावलंही नाहीत. तो पुढे, मी मागे. तुझ्या ओटीवर आई भिंतीला टेकून बसली होती. बाळाराम तिच्या पायांशी जाऊन बसला आणि त्यानं डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "याचा आयक."

मी सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं, की यार्डातला तो अपघात माझ्या हातून झाला, कुंदाताईनं माझ्यासाठी तो स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला. मी हळू आवाजात बोलत होतो. तुझी आई माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"म्हंजे माझे पोरीची चूक नव्हती?"

"नव्हती, आई."

शेजारच्या ओट्यांवर दोन-तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्याकडे एकदा बघून ती मला म्हणाली, "मंग हळू कनाला बोलतंस? अंगनान जाऊन बोल. सगल्यांना आयकू दे."

मी उठलो, अंगणात आलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.